यादीत नाव लिहिण्याआधी

सातारा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दर्शनी फलकावर 'यशवंत विद्यार्थी' लिहायचं आणि एप्रिलपर्यंतच्या उपक्रमांचं वेळापत्रक जुळवायचं, ही दोन्ही कामं यंदा तुझ्याकडे आली आहेत. अक्षर चांगलं आहे एवढ्यावर हे काम भागत नाही. फलकावरच्या नावाशेजारी पोराला उभं करून आईबाप फोटो काढतात आणि तो फोटो गावभर फिरतो. मग तिथली चूक डस्टरने पुसता येत नाही.

आधी कच्ची यादी कर. वहीत सहा रकाने आख: पूर्ण नाव, इयत्ता-तुकडी, स्पर्धा किंवा परीक्षा, स्तर, क्रमांक किंवा श्रेणी, आणि प्रमाणपत्र कोणी पाहिलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते नाव फलकावर चढवायचं नाही. मैत्रिणीने सांगितलं, ग्रुपवर आलं, हे पुरेसं नाही. नाव जनरल रजिस्टरमधून, म्हणजे शाळेतल्या प्रवेशांच्या नोंदवहीतून, उतरवून घे. हजेरीपटावर कधी घाईत अर्धं नाव लिहिलेलं असतं आणि आपल्या भागात पवार आणि पोवार ही दोन वेगळी आडनावं आहेत.

सगळ्यात जास्त घोळ स्तराच्या रकान्यात होतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण आहे. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी विभागासाठी निवडली जाते. तिच्यापुढे 'जिल्हास्तर प्रथम, विभागस्तरासाठी निवड' असंच लिहायचं. 'विभागस्तरावर यश' लिहिलंस तर ते खोटं होतं, आणि विभागावर खरोखर जिंकून आलेल्या मुलीवर अन्याय होतो. वयोगटही लिही. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट वेगळे असतात, त्यामुळे एकाच शाळेत एकाच खेळाचे दोन 'प्रथम' असू शकतात. सांघिक खेळात कर्णधाराचं नाव आणि पुढे 'व संघ' असं लिहायची सवय मोडून काढ. कबड्डीत मैदानावर सात उतरतात, संघ बारा जणींचा असतो. बाराही नावं लिही. राखीव खेळाडू रोज तेवढाच घाम गाळतात.

शिष्यवृत्ती परीक्षेचंही तसंच. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण. दोन्हींत किमान ४० टक्के मिळाले की विद्यार्थी 'पात्र' ठरतो. गुणवत्ता यादीत आला तरच 'शिष्यवृत्तीधारक'. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की घरचे लोक पैसे कधी येणार म्हणून ऑफिसात येऊन उभे राहतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांच्या श्रेणी तशाच्या तशा लिही. इंटरमिजिएटवाल्यांच्या मात्र कानावर घाल: दहावीला ए श्रेणीचे ७, बीचे ५ आणि सीचे ३ वाढीव गुण मिळतात, पण आपोआप नाही. शाळेकडून बोर्डाकडे प्रस्ताव जावा लागतो. प्रमाणपत्राची झेरॉक्स वेळेत दिली नाही तर गुण हातचे जातात.

अजून एक नोंद, जी कोणी मागणार नाही. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे काही मुलं मध्येच शाळेत येतात आणि कारखाना बंद झाला की गावी परततात. फडावरून रोज चालत येऊन ज्याने तीन महिन्यांत एकही दिवस चुकवला नाही, त्याचं नाव फलकावर आलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. हजेरीपटावरून मोजून काढ, आणि तो जायच्या आधी लिही.

आता लिहिणं. कोरड्या खडूची अक्षरं आठवड्यात झडतात. खडू पाण्यात भिजवून लिही. वाळल्यावर अक्षर ठळक उठतं आणि हात लागला तरी लगेच पुसत नाही. ओलं असताना ते फिकट दिसतं. तिथेच नवखी मुलं फसतात, दोन-तीनदा गिरवतात, आणि वाळल्यावर अक्षर फुगलेलं दिसतं. एकदाच लिही आणि वाळू दे. ओळ सरळ येण्यासाठी दोऱ्याला खडूची भुकटी चोळ, दोघींनी दोन टोकं ताणून धरा आणि मधून टिचकी मारा. अक्षर दीड इंचाहून लहान नको, नाहीतर फाटकातून काही वाचता येत नाही.

उपक्रमांचं वेळापत्रक करताना पहिल्यांदा दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तारखा लाल शाईने मांड. शाळा परीक्षा केंद्र असेल तर त्या दिवसांत सभागृह नाही, बाक नाहीत, लाऊडस्पीकर तर नाहीच. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन नेमके याच गर्दीत येतात, तेही पाठोपाठ. दोन्हींची मिळून एकच खिचडी करू नकोस. गौरव दिनाला वर्गावर्गांत दहा मिनिटांचं वाचन ठेव, त्याला ना माईक लागतो ना मंच. हस्तलिखिताचं प्रकाशनही त्याच दिवशी करता येईल. पानांना डावीकडे दीड इंच मोकळी जागा सोडायला आधीच सांग, नाहीतर शिवताना ओळींची सुरुवात टाक्यात जाते.

विज्ञान दिन हा रामन परिणामाच्या १९२८ मधल्या शोधाचा दिवस. त्या दिवशी दाखवायला स्वस्त आणि सोपा प्रयोग सांगतो. काचेच्या उभट भांड्यात लिटरभर पाणी घे, खोली अंधारी कर, एका बाजूने पांढरी टॉर्च लाव आणि दूध थेंबाथेंबाने घाल. प्रत्येक थेंबानंतर ढवळून बघ. साधारण पाव चमच्याच्या आसपास बाजूने पाहिलं की पाणी निळसर दिसतं आणि समोरून टॉर्चकडे पाहिलं की प्रकाश पिवळट-तांबूस. निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणून असं होतं. घाईने चमचाभर दूध ओतलंस तर सगळं पांढरं होऊन बसतं. मग पाणी बदलण्यावाचून इलाज नाही. आणि पाटीवर 'रामन परिणाम' लिहू नकोस. इथे पांढऱ्या प्रकाशातले रंग फक्त कमी-जास्त विखुरतात, कुठलाही रंग बदलत नाही. रामन परिणामात विखुरलेल्या प्रकाशाची तरंगलांबीच थोडी बदलते, आणि तसं साधारण कोटीत एखाद्या प्रकाशकणाच्या बाबतीत घडतं. साध्या डोळ्यांना ते दिसत नाही. हे पाहुण्यांना समजावून सांगता येईल अशी मुलगी भांड्याजवळ उभी कर.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की मैदानावरचं सगळं पहिल्या दोन तासांत उरकून घे. सहल काढायची असेल तर कराडजवळचं गोळेश्वर सुचवेन. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव तिथले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांची जयंती, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे. तुझ्या यादीतल्या कुस्तीच्या मुलांना आधी घेऊन जा.

प्रत्येक कार्यक्रमाच्या संध्याकाळीच वहीत भाग घेणाऱ्यांची नावं उतरव, दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. पुढच्या वर्षी तू दहावीत असशील आणि फलक दुसरं कोणीतरी लिहील; त्याला हीच वही लागेल. जनरल रजिस्टर बघायला येत्या शनिवारी मधल्या सुट्टीनंतर ऑफिसात जा, पेन्सिल आणि कच्ची यादी बरोबर ठेव. रजिस्टरवर शाईचं पेन उघडायचं नाही.

तुझे,
सर