काकुमातून मदतीची हाक

प्रश्न : केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीतला एक समलिंगी युगांडन तरुण ऑनलाइन मदत मागतो आहे. काय करावं?

उत्तर : पैशांआधी त्याचा निर्वासित-अर्ज कुठे अडलाय ते विचारा. केनियात समलिंगी संबंधांना 14 वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून अनेकजण मुलाखतीत देश सोडल्याचं खरं कारण दडवतात. नंतर सांगितलं की जबाब बदलल्याचा संशय येतो. दुभाषा त्याच्याच समाजातला असेल तर तोंड उघडणं आणखी अवघड. दुसरा दुभाषा त्याने निःसंकोच मागावा. हल्ला झाल्यास पोलिसांची नोंद, दवाखान्याचे कागद जपावेत. नोंदणी आणि तिसऱ्या देशातलं पुनर्वसन मोफत असतं. ‘फी’ मागणारा दलाल लुबाडतोच. त्या तरुणाचा फोटो, राहण्याची जागा कृपया कुठेही टाकू नका. मार्च 2021 मध्ये काकुमात अशाच समलिंगी निर्वासितांवर पेट्रोल बॉम्ब टाकला गेला. भाजलेल्यांपैकी एकजण पुढे दगावला.