हृदयाचं सिम्युलेशन करायचंय, तर मेकॅनिकल चुकलं का?

प्रश्न : मी चिंचवडच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संगणकावर धडधडणारं हृदय पाहिल्यापासून तेच करावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, कॅम्पसमधून गाड्यांच्या कंपनीत सीएईची (संगणकावर भागांची मजबुती तपासण्याची) नोकरी मिळेल, ती घे. मी बायोमेडिकलला जायला हवं होतं का? – एक विद्यार्थी

उत्तर : नाही. शाखा चुकली हे मनातून काढून टाक. हृदयाच्या स्नायूवरचा ताण ज्या फायनाइट एलिमेंट पद्धतीने (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून प्रत्येकाचं गणित करून) काढतात, ती तू शिकतोच आहेस.

फरक मात्र मोठा आहे. चेसिसचं पोलाद सगळ्या दिशांना सारखं वागतं आणि भार बाहेरून येतो. हृदयाचा स्नायू तंतूंचा असतो. डाव्या निलयाच्या (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या) भिंतीत आतून बाहेर येईपर्यंत या तंतूंची दिशा साधारण १२० अंशांनी फिरते, म्हणून मेशमधल्या (तुकड्यांच्या जाळीतल्या) प्रत्येक एलिमेंटला स्वतःची दिशा द्यावी लागते. प्रत्येक ठोक्याला हृदयात विजेची लाट पसरते. ती तंतूंच्या दिशेने सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास धावते, आडवी बरीच हळू. लाट पोचली की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आखडतो. भार असा आतूनच तयार होतो. शिवाय आकार इतका बदलतो की लिनिअर अ‍ॅनालिसिस (भाराच्या प्रमाणातच आकार बदलतो असं धरणारं गणित) इथे चालत नाही. गाडीतल्या रबरी बुशिंगसाठी हायपरइलॅस्टिक (रबरासारखं खूप ताणलं जाणारं) मटेरियल वापरलं असशील, तर निम्मी भीती तिथेच जाईल.

तुझ्याकडे नाही ती विजेची बाजू. डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये हृदयपेशीचं पहिलं गणिती मॉडेल मांडलं. ते शरीरक्रियाशास्त्राचे विद्यार्थी, त्यासाठी त्यांना गणित शिकावं लागलं. तुला उलट्या बाजूने जायचंय.

या सुट्टीत एवढंच कर. फिट्झह्यू-नागुमो हे विजेच्या लाटेचं दोनच समीकरणांचं सोपं मॉडेल पायथॉनमध्ये लिही आणि चौकोनी ग्रिडवर लाट सोड. टाइम स्टेप (गणितातलं वेळेचं एक पाऊल) मोठी घेतलीस तर आकडे भडकतील, ती कमी करत जा. लाट मधोमध आली की तिचा अर्धा भाग पुसून टाक. उरलेल्या लाटेचं मोकळं टोक वळतं आणि चक्रासारखं फिरत राहतं. काही जीवघेण्या अनियमित ठोक्यांच्या मुळाशी अशाच फिरत्या लाटा असतात. ते पाहून रात्री झोप लागली नाही, तर हे क्षेत्र तुझं आहे. मग ओपनकार्प या हृदयातल्या विजेच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरकडे वळ, शैक्षणिक वापरासाठी ते मोफत आहे.

आता बाबांचा मुद्दा. तो रास्त आहे. नुसत्या बी.ई.वर हे काम सहसा मिळत नाही, बहुतेकदा पीएच.डी.पर्यंत जावं लागतं. पुण्यात विद्यापीठाचं मॉडेलिंग अँड सिम्युलेशनचं एम.टेक. आहे, बेंगळुरूच्या आयआयएस्सीत आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत हृदयातल्या लाटांवर संशोधन झालेलं आहे. संगणकावर हृदय उभं करणारा ‘लिव्हिंग हार्ट’ प्रकल्प चालवणाऱ्या दसॉ सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीचं केंद्रही पुण्यात आहे, पण तिथे गेल्यावर हृदयाचंच काम मिळेल असं धरून चालू नकोस.

घरात पैशांची निकड असेल तर नोकरी जरूर घे. फक्त नॉन-लिनिअरचं काम करणाऱ्या टीममध्ये जाण्याचा प्रयत्न कर आणि एम.टेक.च्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेची तयारी सोडू नकोस. निकड नसेल तर माझं स्पष्ट मत : शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच विषयावर घे. गाइड मेकॅनिकलचेच असू देत, पण एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटून त्यांना नेमका कुठला प्रश्न सतावतो ते आधी विचारून घे. बाबांनाही त्या भेटीला सोबत ने.