हॉल व्होल्टेज मधेच उलटं का झालं?

प्रश्न : सर, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला वायबीसीओची (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, थंड केल्यावर रेझिस्टन्स शून्य होणारा सुपरकंडक्टर) गोळी मिळालीय, तिचा हॉल इफेक्ट (चुंबकीय फील्डमध्ये करंटला आडवं उठणारं व्होल्टेज) घेतोय. 95 केल्विनपर्यंत व्होल्टेज पॉझिटिव्ह येतं, पण 90 च्या आसपास ते घसरतं, शून्याच्याही खाली जातं आणि मग शून्यावर येऊन बसतं. गाईड म्हणतात लीड्स उलट्या लागल्यात. मी तीनदा चेक केल्या. होल्सचे (पॉझिटिव्ह चार्ज वाहणाऱ्यांचे) इलेक्ट्रॉन झाले की काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लीड्स उलट्या असत्या तर 95 लाही निगेटिव्हच आलं असतं की! पण म्हणून लगेच गाईडना हे ऐकवायला जाऊ नका, कारण तुमचं निगेटिव्ह खोटंही असू शकतं.

जरा हिशोब करू. गोळी अर्धा मिलिमीटर जाड, करंट 10 मिलीअँपिअर, फील्ड 1 टेस्ला धरलं तर टीसीच्या (ज्या तापमानाखाली सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होते त्याच्या) जरा वर हॉल व्होल्टेज येतं वीसेक नॅनोव्होल्ट. आता समोरासमोरचे सिल्व्हर पेस्टचे दोन ठिपके तुम्ही हातानेच लावले असणार, ते 0.1 मिलिमीटर जरी पुढेमागे झाले तरी साध्या रेझिस्टन्सचं व्होल्टेज मधे मिसळतं आणि ते असतं काही मायक्रोव्होल्ट, म्हणजे तुम्हाला हवंय त्याच्या शेकडो पट. ते घालवायला आपण फील्ड उलटं करून दोन रीडिंगची वजाबाकी करतो, बरोबर, पण टीसीपाशी रेझिस्टन्स कड्यावरून पडल्यासारखा पडत असतो, त्यामुळे दोन रीडिंगच्या मधल्या वेळात तापमान किंचित जरी सरकलं तरी वजाबाकीत निव्वळ कचरा उरतो आणि त्याचं चिन्ह काहीही येऊ शकतं. त्यापेक्षा फील्ड आहे तसं ठेवा आणि करंटची जोडी अन् व्होल्टेजची जोडी आपसात बदला. ते फील्ड उलटं केल्यासारखंच असतं आणि काही सेकंदात होतं. करंटही उलटा करून बघा, म्हणजे सांध्यांचं थर्मल व्होल्टेज जाईल.

एवढं करूनही निगेटिव्ह आलं तर मात्र ते खरं आहे. वायबीसीओत हे 1980 च्या दशकाच्या शेवटीच दिसलं होतं आणि 1990 मध्ये हेगन, लॉब वगैरे मंडळींनी दाखवलं की ही काही कॉपर ऑक्साइडवाल्यांचीच खोड नाही, साध्या नायोबियम आणि व्हॅनेडियममध्येही असंच होतं. बिस्मथवाल्या 2212 या कॉपर ऑक्साइडमध्ये तर व्होल्टेज निगेटिव्ह होऊन, अजून थंड केलं की परत पॉझिटिव्ह होतं!

होल्सचे इलेक्ट्रॉन वगैरे काही होत नाहीत हो. टीसीच्या खाली चुंबकीय फील्ड आत शिरतं ते भोवऱ्यांच्या रूपाने, प्रत्येक भोवऱ्यात नेमकं 2.07 × 10⁻¹⁵ वेबर फ्लक्स. 1 टेस्लाला एका चौरस सेंटीमीटरमध्ये सुमारे 5000 कोटी भोवरे बसतात. करंट सोडला की तो त्यांना आडवं ढकलतो आणि भोवरे सरकले की व्होल्टेज तयार होतं, म्हणून तर टीसीच्या खालीसुद्धा रेझिस्टन्स लगेच शून्य होत नाही. भोवरे करंटला अगदी काटकोनात सरकले तर हॉल व्होल्टेज शून्य. पण ते थोडे प्रवाहाबरोबर वाहिले, नदीत ओंडका वाहतो तसे, तर हॉल व्होल्टेजचं चिन्ह पहिल्यासारखंच राहतं. 1965 ची बार्डीन-स्टीफन यांची थिअरी घ्या नाहीतर 1966 ची नोझिएर-व्हिनेन यांची, दोन्हीत हेच येतं. तुमच्या रीडिंगचा अर्थ असा की भोवरे प्रवाहाच्या उलट चढतायत!

का चढतात यावर अजून भांडणं आहेत. कोणी म्हणतं भोवरे दोषांना अडकतात म्हणून, कोणी म्हणतं भोवऱ्याच्या गाभ्यात जादा चार्ज साठतो म्हणून. मला ते अडकण्याचं कारण पुरेसं वाटत नाही, कारण 1993 मध्ये व्हिनोकूर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अडकण्याने रेझिस्टिव्हिटी बदलते पण हॉल कंडक्टिव्हिटीला (आडव्या दिशेच्या कंडक्टिव्हिटीला) त्याने काही फरक पडत नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये नुसता हॉल व्होल्टेजचा ग्राफ लावू नका, सरळ आणि आडव्या अशा दोन्ही रेझिस्टिव्हिटीवरून हॉल कंडक्टिव्हिटी काढून तीही द्या. आणि फील्ड वाढवता येत असेल तर वाढवून बघा, निगेटिव्ह खड्डा उथळ होत जायला हवा. वजाबाकीचा कचरा असेल तर तो असा शिस्तीत वागणार नाही, गाईडना दाखवायला हाच ग्राफ बरा.

प्रश्न : हे भोवरे कधी कुणी डोळ्यांनी पाहिलेत का, की नुसतं गणित?
– आणखी एक वाचक, नाशिक

उत्तर : पाहिलेत ना. 1967 मध्ये एसमान आणि ट्रॉइबले यांनी शिसं-इंडियमच्या थंड सँपलवर लोहचुंबकी धातूचे बारीक कण बसवले. जिथे भोवरा पृष्ठभागावर निघतो तिथेच कण जाऊन चिकटले, मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर ठिपक्यांची रांगोळी, त्रिकोणी जाळीची, प्रत्येक ठिपक्याभोवती सहा ठिपके. 1987 मध्ये वायबीसीओवरही हेच करून झालं.