आईवडील सत्तरीपुढचे आहेत. आयुष्मान वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणारं सरकारी कार्ड) काढलंय. आता जुनी मेडिक्लेम पॉलिसी बंद करून फक्त पाच लाख डिडक्टिबलचं सुपर टॉप-अप घेतलं तर चालेल का?

बंद करू नका. हेच मी आमच्या दादाला गणपतीत, दिवाळीत आणि मधल्या प्रत्येक फोनवर सांगत आलेय.

सुपर टॉप-अप म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचंच बिल देणारा विमा, आणि ती खालची, आपण सोसायची रक्कम म्हणजे डिडक्टिबल. पहिले पाच लाख कार्ड देईल आणि वरचे टॉप-अप, हा तुमचा हिशेब दादाचाही होता. कागदावर देखणा दिसतो. पण कार्डावर ॲडमिट झालात की उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं, हॉस्पिटलने वर पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे टॉप-अपला द्यायला बिलच उरत नाही. आणि कार्ड जिथे चालत नाही अशा हॉस्पिटलात गेलात, तर डिडक्टिबलचे पाच लाख तुमच्याच खिशातून. बिल पाच लाखांवर गेलं नाही तर दोन्हीकडून टॉप-अप नुसतं बघत बसतं.

आई चौऱ्याहत्तरची, माझ्याकडेच असते. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. जवळच्या हॉस्पिटलात नेलं, दारात आयुष्मानचा मोठा बोर्ड. आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर कार्ड ठेवलं. बिचारा पोरगा म्हणाला, "ताई, कार्ड चालतं, पण इथं हार्ट आणि किडनीलाच. हाडांचं नाही." कुठल्या विभागासाठी हॉस्पिटल योजनेत आहे हे वेगवेगळं असतं, ते त्या बोर्डावर लिहिलेलं नव्हतं. दादा फोनवर, "दुसरीकडे हलव ना, पाच लाख फुकट आहेत!" आई स्ट्रेचरवर कण्हतेय, डॉक्टर म्हणतायत ऑपरेशन लवकरात लवकर व्हायला हवं, या वयात अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया आणि पाठीला जखमा, आणि हा पुण्यात बसून फुकटचं शोधतोय. मी बाबांच्या वेळची पॉलिसी काढली. कॅशलेस मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन.

आता ती पॉलिसी काही सोन्याची नाही. तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. खोली मिळाली ४,५०० ची. मग नुसता खोलीचा फरक नाही, सर्जनची फी आणि ओटीचं भाडंही त्याच प्रमाणात, एक तृतीयांश कापलं. इम्प्लांट आणि औषधं त्यातून सुटली. वर २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर बिलातला आपण भरायचा वाटा. दादाला तेवढंच दिसलं: "बघ, शेवटी भरावे लागलेच!" लागले. पण ही पॉलिसी आधी बंद केली असती तर सगळंच बिल भरावं लागलं असतं, आणि ते त्याने भरलं नसतं.

दुसरं म्हणजे जुन्या पॉलिसीचा वेटिंग पिरियड, म्हणजे आधीपासूनच्या आजारांना विमा मिळेपर्यंत थांबायचा काळ, संपलेला असतो. ती सोडून नवीन घेतलीत की बीपी-शुगरसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबा. एप्रिल २०२४ पासून ६५ ची वयोमर्यादा गेली, त्यामुळे नवीन मिळू शकते, पण कंपनीने द्यायलाच हवी असं नाही. "हप्ता दरवर्षी वाढतो" हे रडगाणंही जुनं झालं: २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयकडे, म्हणजे विमा नियामकाकडे, जावं लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही.

सुपर टॉप-अप जरूर घ्या, पण डिडक्टिबल जुन्या पॉलिसीच्या रकमेएवढं ठेवा. पॉलिसी तीन लाखांची तर डिडक्टिबल तीन लाख. कुठल्या कंपनीचं, ते मला विचारू नका.

कार्डाला मी नावं ठेवत नाहीये. नंतर आईला स्टेंट टाकला तो त्याच हॉस्पिटलात, त्याच कार्डावर, एक रुपया न देता. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, हे साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. ज्यांना हप्ता झेपतच नाही त्यांनी कार्डावर बिनधास्त राहावं. फक्त दोघांत मिळून पाच लाख आहेत, प्रत्येकी नाहीत. ओपीडी नाही, घरी आल्यावरची औषधं पंधरा दिवसांपुरती. वडील सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची) असतील तर ती योजना किंवा हे कार्ड, एकच निवडावं लागतं. आणि वय आधारवरचंच धरतात. आमच्या शेजारचे काका त्र्याहत्तरचे आहेत, आधार म्हणतं अडुसष्ट, बसलेत.

आज एक काम करा: घराजवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांत जाऊन आरोग्यमित्राला विचारा, कुठल्या विभागाला कार्ड चालतं. हाडं, हृदय, मेंदू, तिन्ही विचारा.

हप्ता कोण भरणार हेही आत्ताच ठरवा. जुन्या करप्रणालीत ८०डी खाली ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते, पण ज्याने भरला त्यालाच. दादाने मार्चमध्ये पावतीची झेरॉक्स मागितली होती. दिली नाही.