आप्पांची वर्दी

प्रिय सई,

शनिवारी रात्री, हरवून सापडलेल्या तुझ्या आजोबांना, आप्पांना, पांघरूण घालून मी खाली आले, तेव्हा तू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होतीस. तू विचारलंस, “आई, नाइन-वन-वनला फोन करायच्या आधी तू अकरा मराठी घरांत फोन केलेस. मी मोजले. पोलिसांना बोलावणं आपल्या लोकांत लाजिरवाणं असतं का?” मी म्हटलं, “झोप आता, उशीर झालाय.” हे उत्तर नव्हतं, ते तुलाही कळलं. तेव्हापासून तो अकराचा आकडा मला टोचतो आहे.

म्हणून लिहिते. मराठीत लिहिते, कारण हे मला दुसऱ्या भाषेत सांगता येणार नाही. तुला वाचायला वेळ लागेल. अडलीस तर विचार, नाहीतर ठेवून दे, पुढे कधी वाटलं तर वाच.

आधी कबुली देते. आप्पा चार वाजता मागच्या दारानं बाहेर पडले आणि मी फोन केला सहाला पाच कमी असताना. जवळजवळ दोन तास. ऑक्टोबरचा पाऊस, सव्वासहाला अंधार, आणि सोअरिंग ईगलचं जंगल घरापासून दहा मिनिटांवर. ते दोन तास माझ्यामुळे गेले. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ते का गेले हे सांगायचं तर मला गावच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसावं लागेल.

आप्पा पाटील होते, एवढं तू ऐकलं आहेस. आपल्या घरात पाटीलकी पणजोबांपर्यंत बापाकडून मुलाकडे यायची. १९६२ च्या कायद्यानं ती महसुली पाटीलकी संपली. मग १९६७ चा ग्राम पोलीस कायदा आला आणि पोलीस पाटील हे पद नेमणुकीचं झालं. प्रांतसाहेबांच्या सहीचा कागद येतो आणि साठाव्या वर्षी माणूस निवृत्त होतो. आप्पांना तो कागद १९७५ साली आला. गणवेश नाही, हत्यार नाही, पगारही नाही, नुसतं मानधन. काम मात्र रात्रंदिवस. गावात परका माणूस उतरला, बांधावरून डोकी फुटली, विहिरीत कोणी सापडलं, की वाईच्या ठाण्यात वर्दी द्यायची. तू हिंदी सिनेमात वर्दी म्हणजे गणवेश ऐकला असशील. आप्पांच्या तोंडी वर्दी म्हणजे खबर, पोलिसांना रीतसर दिलेली. “वर्दी दिली” म्हणाले की त्यांचे खांदे खाली यायचे. मग आजी चहा ठेवायची.

गावाला पोलीस म्हणजे जीप. जीप आली की बायका दारं ओढून घ्यायच्या आणि आम्ही पोरं गोठ्यात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तसंच ठाण्याचंही होतं. लोक वाईला जाण्याऐवजी आमच्या ओट्यावर यायचे. तिथे बोलायला भीती वाटायची नाही, कारण ऐकणारा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच लग्नात पंगतीला बसलेला.

मी नऊ वर्षांची होते. १९८७ चा श्रावण. धनगरवाड्यातला एक मुलगा मेंढरांमागे मांढरदेवच्या डोंगरात गेला आणि तिन्हीसांजेला मेंढरं एकटीच परत आली. त्याचे वडील ओट्यावर आले तेव्हा त्यांच्या घोंगडीतून पाणी गळत होतं. आप्पांनी जेवणाचं ताट तसंच सारलं. कोतवालानं दवंडी दिली. घटकाभरात चाळीस माणसं जमली, गॅसबत्त्या, कंदील, काठ्या घेऊन. डोंगराच्या पलीकडे भोर तालुका, म्हणजे जिल्हाही दुसरा, ठाणंही दुसरं. आप्पांनी एका पोराला घाटरस्त्यानं पलीकडच्या पोलीस पाटलांकडे धाडलं: तुम्ही तुमच्या बाजूनं चढा, आम्ही आमच्या. वाईला वर्दी द्यायला दुसरा गेला. मला कंदील धरून उंबऱ्यात बसवलं होतं. डोंगरावर दोन्ही अंगांनी दिवे चढताना दिसत होते आणि हाळ्या ऐकू येत होत्या. पहाटे मुलगा करवंदीच्या जाळीत सापडला, पाय मुरगळलेला, पण जिवंत.

त्यानंतरचं मला अजून आठवतं. सगळे मुलाभोवती गोळा झाले, त्याची आई रडत होती, आणि आप्पा मात्र माणूस शोधत होते, पलीकडे निरोप न्यायला. त्यांची माणसं अजून पावसात डोंगर धुंडाळत असतील, त्यांना घरी जाऊ दे.

शनिवारी माझ्या हातानं हेच केलं, सई. ते अकरा फोन ही माझी दवंडी होती. आणि बघ, जोशीकाका बुटांच्या नाड्याही न बांधता आले. शिंदेमावशी गॅसवरची भाजी बंद करून आल्या. वीस मिनिटांत आपल्या दारात सहा गाड्या होत्या. हे मला आजही सुंदर वाटतं आणि मी ते लपवणार नाही. परक्या मुलखात कोणी आपल्या हाकेला असं धावून येतं, त्यासाठी मी बावीस वर्षं त्या घरांत मोदक आणि तिळगूळ पोचवले आहेत.

पण त्या सहा गाड्यांतल्या एकालाही ते जंगल माहीत नव्हतं. हातात मोबाईलचा उजेड, आणि “आप्पाऽ” अशा हाका. वाटा कुठे फुटतात, ओढा कुठे आहे, कोणी काही सांगू शकत नव्हतं. तरी मी म्हणत राहिले, अजून दहा मिनिटं बघू. लाज होती का? थोडी होती. घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलंय, हे चारचौघांत जाईल. आणि जुनी भीतीही होती. आम्ही आलो तेव्हा व्हिसाच्या कागदावर सगळं आयुष्य टांगलेलं असायचं, मागे पोलिसांची गाडी दिसली तरी बाबाची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडायची. आता आपण नागरिक आहोत. २०१९ साली या वॉशिंग्टन राज्यानं कायदाही केला की स्थानिक पोलिसांनी केंद्राची इमिग्रेशनची कामं करायची नाहीत. हे मला माहीत आहे. पण भीतीला कायदा लगेच समजत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती मी तुला कधी सांगितलेली नाही. आमच्या ओट्यावर सगळे सारखे चढत नसत. खालच्या वस्तीतली माणसं अंगणात उभी राहून बोलायची. आप्पा त्यांना वर या म्हणायचे, नाही असं नाही, पण ती येत नसत आणि आप्पाही दुसऱ्यांदा म्हणत नसत. तिथली एक बाई मला नावानिशी आठवते. नवरा मारायचा. ती दोनदा आली. आप्पांनी नवऱ्याला बोलावून दम दिला, तिची समजूत घातली आणि घरी पाठवली. घरातलं घरात मिटलं, असं सगळे म्हणाले. वाईला वर्दी गेली नाही. तिसऱ्यांदा ती आली नाही, माहेरी निघून गेली आणि पोरं गावातच राहिली. घरच्या हिंसेविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, तिच्या कितीतरी नंतर. आप्पा वाईट नव्हते. पण ते नेमके कोणाचे “आपले” होते, हा प्रश्न तुझ्या प्रश्नामुळे माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला.

आता इथल्या माणसांबद्दल. तू विचारत होतीस की गाडीवर समामिश पोलीस लिहिलेलं असताना डेप्युटी स्वतःला शेरीफच्या ऑफिसचा का म्हणत होता. आपल्या गावाचं पोलीस खातं वेगळं नाही. १९९९ साली समामिश शहर झालं, आणि शहर किंग काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शेरीफशी करार करून पोलीस घेतं. काउंटीतली अशी डझनभर गावं आहेत. शेजारच्या इसाक्वाचे पोलीस मात्र त्यांचे स्वतःचे. तरी त्यांची गाडी आपल्या कोपऱ्यावर उभी होती, पाहिलीस? १९८५ सालच्या राज्याच्या कायद्यानं एका हद्दीतला पोलीस दुसऱ्या हद्दीत मदतीला येऊन काम करू शकतो, एकमेकांशी ठरलेलं असेल तर. मी ती गाडी पाहिली आणि मला भोरच्या बाजूनं चढणारे दिवे दिसले.

शेरीफ हा शब्दही मला आधी परका होता. मुंबईला शेरीफ असतात, मराठीत नगरपाल. एका वर्षाचं मानाचं पद, गावसकरही होते. त्यामुळे मला वाटायचं, हार घालून घेणारं पद असेल. मग कळलं की मूळ इंग्रजी शब्द शायर आणि रीव्ह, म्हणजे परगण्याचा कारभारी. म्हणजे देशमुख-पाटलांच्याच घराण्यातला म्हणायचा! इथे तो कोर्टाचे हुकूम बजावतो. मारणाऱ्या नवऱ्याला दूर राहा असं सांगणारा हुकूमही शेरीफचा माणूस त्याच्या हातात नेऊन देतो. त्या बाईकडे असा कागद असता तर, असं मला फार वाटतं.

आणि डोंगरात, जंगलात माणूस हरवला तर शोधाची जबाबदारी कायद्यानं शेरीफवर येते. पण ती केशरी जॅकेटं घातलेली, कपाळाला दिवे बांधलेली माणसं पोलीस नव्हती. ते स्वयंसेवक. शेरीफनं बोलावलं की हातातलं काम टाकून येतात. पैसे घेत नाहीत आणि ज्याचा माणूस हरवला त्याच्याकडूनही काही घेतलं जात नाही. कुत्रा घेऊन आलेल्या बाई दिवसा दाताच्या दवाखान्यात काम करतात, त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी आप्पांची उशीची खोळ मागितली, वासासाठी. माझे हात इतके थरथरत होते की ती तूच काढून दिलीस.

तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. २०१४ च्या मार्चमध्ये इथून उत्तरेला ओसो गावावर डोंगर कोसळला, ४३ माणसं गेली. ती स्नोहोमिश काउंटीची हद्द, पण आजूबाजूच्या काउंट्यांतून माणसं चिखलात शोधायला गेली. त्याच वर्षी जुलैत पुणे जिल्ह्यात माळीण गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसांसकट. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा कोणाला कळलं, तर नेहमीच्या एसटीच्या ड्रायव्हरला. त्यानं खबर दिली. आप्पा तेव्हा सात वर्षं निवृत्त होते. फोनवर दोनदा म्हणाले, “एसटीवाल्यानं वर्दी दिली बघ, एसटीवाल्यानं.” मग फोन ठेवून दिला. सह्याद्रीतही आता अशी पथकं आहेत, लोणावळ्याला शिवदुर्ग मित्र, वर महाबळेश्वर ट्रेकर्स. त्यांच्याविषयी वाचून आप्पांना दाखव, त्यांना आवडेल. म्हणजे तुला वाटलं तर.

मी शेरीफला देव बनवत नाही. पोलिसांविरुद्धच्या निदर्शनांचा २०२० चा उन्हाळा तू टीव्हीसमोर बसून पाहिलास आणि तुझ्या मैत्रिणींच्या घरी पोलिसांविषयी काय बोललं जातं तेही तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याच नोव्हेंबरात मतपत्रिका घरी आली तेव्हा तिच्यात प्रश्न होता: शेरीफ निवडून द्यायचा की काउंटीनं नेमायचा? १९९६ साली लोकांनीच तो निवडून द्यायचं ठरवलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबा आणि मी रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. बाबा म्हणाला, नेमलेला बरा, त्याला मतांसाठी कोणाला खूश करावं लागत नाही. मी निवडणुकीच्या बाजूनं मत दिलं. माझ्या डोळ्यांसमोर प्रांतांच्या सहीचा कागद होता, आणि अंगणातच उभी राहणारी माणसं, ज्यांना तो कागद कोणाला मिळावा हे कधी कोणी विचारलं नाही. बाबाची बाजू जिंकली. २०२२ पासून शेरीफ नेमलेला असतो. कोण बरोबर होतं याविषयी आमचं अजून एकमत नाही.

तर, लाजिरवाणं असतं का? नसावं. माझ्या मनात होतं, आणि ते तुझ्या मनात जाऊ नये असं मला वाटतं. पुन्हा असं झालं आणि मी “अजून दहा मिनिटं” म्हणाले, तर माझ्या हातातून फोन घे. मी रागावणार नाही. मात्र त्यानंतर जोशीकाकांनाही कर. ती हाकही मला सोडवत नाही.

अजून एक. पावणेनऊला आप्पांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणलं, तेव्हा ते डेप्युटीसमोर ताठ उभे राहिले आणि त्याला काहीतरी सांगू लागले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुमचे आभार मानतायत. तू माझ्याकडे बघत होतीस. तू अर्धं ऐकलं होतंस आणि तुला माहीत होतं की मी खोटं सांगतेय. मला ते सांगणं जमलं नाही. ते म्हणाले होते:

“पोरगं सापडलं, साहेब. जिवंत आहे, लिहून घ्या. आणि पलीकडच्या पाटलांना निरोप धाडा, त्यांची माणसं अजून डोंगरात असतील.”

तुझी,
आई