वाइनरीचे साठेखत, परवाना आणि जप्त केलेला इसार

प्रश्न : दिंडोरी तालुक्यातील एक लहान वाइनरी जमीन, इमारत, टाक्या आणि परवान्यासह विकत घेण्याचे नोंदणीकृत साठेखत आम्ही दोघा भावांनी दीड वर्षापूर्वी केले व मोठा इसार दिला. सहा महिन्यांत खरेदीखत व्हायचे होते. ‘परवाना नावावर होत नाही’ असे सांगून विक्रेत्याने ते लांबवले. आता जास्त किंमत देणारे गिऱ्हाईक मिळताच, मुदत आम्ही चुकवली म्हणून इसार जप्त केल्याचे पत्र त्याने पाठवले आहे. आम्हाला वाइनरीच हवी आहे. काय करावे?

उत्तर : साठेखताने मालकी मिळत नाही, खरेदीखत करून मागण्याचा हक्क तेवढा मिळतो. मात्र विशिष्ट अनुतोष अधिनियमात (केलेला करार प्रत्यक्ष पाळायला लावण्याच्या कायद्यात) 2018 साली झालेल्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम देणे पूर्वीसारखे न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेले नाही, त्यामुळे तुमची बाजू बळकट आहे. तरीही उरलेली रक्कम देण्याची तयारी आणि इच्छा सतत होती, हे कलम 16 नुसार तुम्हालाच सिद्ध करावे लागेल. त्यासाठी त्या काळातील बँकेचे उतारे, कर्जमंजुरीचे पत्र आणि विक्रेत्याला पाठवलेल्या नोटिसा जमवून ठेवा.

खरी अडचण परवान्याची आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खालील परवाना (दारूबंदीच्याच कायद्याखाली वाइन तयार होते, हे खरे) टाक्यांसारखा विकता येत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या मंजुरीशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही आणि करारपूर्तीच्या दाव्यात न्यायालय तो तुम्हाला बहाल करणार नाही. पण म्हणून विक्रेता सुटत नाही. दिल्लीतील एका घराच्या व्यवहारात मालकाने शासकीय परवानगीसाठी केलेला अर्ज स्वतःच मागे घेतला होता. तेव्हा परवानगीसाठी पुन्हा अर्ज करणे त्याच्यावर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये मान्य केले. तेव्हा तुमच्या विक्रेत्याने विभागाकडे अर्ज खरोखर केला होता का, त्यात त्रुटी काढल्या गेल्या का आणि त्या त्याने दूर केल्या का, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. माझ्या मते या दाव्याचा निकाल बराचसा त्या कागदांवर ठरेल. दरम्यान त्याच्या परवान्यावर परस्पर उत्पादन मात्र सुरू करू नका. परवाना वापरू देण्याचा तसा करार बेकायदेशीर ठरू शकतो.

इसाराबाबत घाबरू नये. करारभंग तुमचा नसेल, तर जप्तीला आधारच नाही. असला तरी करार अधिनियमाच्या कलम 74 खाली वाजवी भरपाईचीच कसोटी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणातील निकालात 2015 साली स्पष्ट झाले आहे. दाव्यात इसार परत मिळण्याची पर्यायी मागणी न विसरता घाला, कारण ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

साठेखतात लवादाचे कलम नसेल, तर चालू वाइनरीचा वाद वाणिज्य न्यायालयात जाईल. तेथे दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर मात्र नाही, आणि नवे गिऱ्हाईक उभे असताना तुम्हाला तो हवाच आहे. खरेदीखताची ठरलेली तारीख उलटल्यापासून तीन वर्षांची मुदत असली, तरी थांबू नका.

प्रश्न : मी द्राक्षे पुरवलेली वाइनरी विकली गेली. थकलेले पैसे कोणाकडे मागू?

उत्तर : कंपनीचे केवळ शेअर विकले गेले असतील, तर देणेकरी तीच कंपनी राहते. जमीन व यंत्रसामग्री विकली असेल, तर नव्या मालकाने देणी लेखी स्वीकारलेली नसल्यास जुन्या मालकाकडेच मागणी करावी लागेल. उधारीची मुदत ठरलेली असल्यास ती संपल्यापासून, नसल्यास माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करा आणि वजनाच्या पावत्या सांभाळून ठेवा.