आरएक्सची रेस वरच लटकते? तिसरा कार्बोरेटर घेऊ नका

खानापूरच्या ज्यांनी काकांच्या यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक मोटरसायकल) बद्दल इथं लिहिलंय त्यांच्यासाठी. बटन टायर टाकून गाडी मातीत पळवता, गरम झाली की ॲक्सिलेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, अर्ध्या ॲक्सिलेटरला गाडी गुदमरते, मेकॅनिकनं दोनदा कार्बोरेटर बदलला आणि आता तिसरा आणायला सांगतोय. वाचताना माझीच गाडी डोळ्यासमोर आली. प्लग, करंट, टाकीतला कचरा हे बघून झालंय असं धरून चालतो.

तुमचा कार्ब (कार्बोरेटर) बहुतेक निर्दोष आहे. गरम इंजिनची रेस लटकते म्हणजे ते कुठून तरी जादा हवा ओढतंय. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप. पिस्टन वर गेला की खाली व्हॅक्यूम होतो आणि तो मिळेल तिथून हवा खेचतो. कार्बमधून आलेली हवा पेट्रोल घेऊन येते, फाटक्या सीलमधून आलेली कोरडीच येते. मग कार्ब जपानहून आणा नाहीतर कोल्हापूरहून, फरक पडणार नाही. खात्री हवी तर चोक अर्धा ओढून चालवून बघा. गाडी सुधारली तर मिक्स्चर लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, एवढं नक्की.

हवा घुसायच्या जागा मोजक्याच. कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबरी जॉइंट, रीडचं (हवा एकाच दिशेनं आत सोडणाऱ्या पातळ पात्यांच्या व्हॉल्व्हचं) पॅकिंग, आणि मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर लक्षण वेगळं: गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही, ऑइलची पातळी उतरत जाते. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून सगळे कार्बच्या मागे लागतात. जुन्या टू-स्ट्रोक येझदीवाल्यांनाही हेच लागू, फक्त तिथं रीड नसतं.

आता जे मला सगळ्यात महागात पडलं ते. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये (बोर्ड मोठा आहे, नाव लिहीत नाही) गाडी दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि "पेट्रोल कमी पडतंय" म्हणून मेन जेटचं (कार्बमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी तोटीचं) भोक ड्रिलनं मोठं केलं. पायलट जेटमध्ये तार घातली. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो, माझ्यासमोर केलं असतं तर हात धरला असता. जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची वस्तू आहे, सायकलच्या स्पोकनं साफ करायची नव्हे. एवढं करून गाडी सुधारेना, तेव्हा मला न विचारता मूळ मिकुनी कंपनीचा कार्ब काढला आणि डुप्लिकेट बसवला. जुना परत मागितला तर "तो भंगारात गेला की हो." बिलावर काय लिहिलं? कार्ब सर्व्हिस.

परिणाम असा झाला की फुल ॲक्सिलेटरला गाडी पेट्रोलात बुडायची आणि मध्ये कोरडीच राहायची. जांबोटीच्या रस्त्याला उतारावर ॲक्सिलेटर सोडला आणि पिस्टन जाम. मागचं चाक लॉक झालं, क्लच दाबला म्हणून पडलो नाही. मूळ ५० मिमीचा बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन टाकावा लागला. हे सगळं शे-दोनशेच्या सीलपायी. वर्कशॉपचं उत्तर काय, तर "जुनी गाडी हो, किती दिवस चालणार?" १९९६ ला बनायची बंद झालेली गाडी जुनी असते हे मला ठाऊक होतं. सील तपासायला ते कारण होत नाही.

तपासायची पद्धत सांगतो. डॉक्टरकडचं बीपीचं जुनं यंत्र मिळवा, फुगा आणि काटा दोन्ही शाबूत असलेलं. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचं तोंड ट्यूबच्या रबरानं आणि पट्टीनं बंद करा. कार्ब काढून रबरी जॉइंटमध्ये बूच बसवा, त्यातून नळी आत घ्या. प्लग घट्ट, पिस्टन खाली. मग काटा ३०० पर्यंत फुगवा. ३०० मिमी पारा म्हणजे साधारण ६ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप), आणि टू-स्ट्रोकला तेवढंच हवं. कंप्रेसर मात्र लावू नका, चांगलं सील उलटेल. पाच मिनिटांत काटा जवळपास हलला नाही तर इंजिन घट्ट आहे. उतरायला लागला तर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. मॅग्नेट काढून सीलपाशी बघा, बुडबुडे आले की चोर सापडला. इंजिन चालू ठेवून जोडांवर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारूनही कळतं, पण तापलेल्या सायलेन्सरजवळ ते करणं आगीशी खेळ आहे. मी तरी करत नाही.

इंजिन घट्ट निघालं तरच कार्बकडे वळा. ॲक्सिलेटरच्या मुठीवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पावाच्या आत पायलट जेट आणि एअर स्क्रू, त्याच्या आसपास स्लाइडची (ॲक्सिलेटरबरोबर वरखाली होणाऱ्या दट्ट्याची) कापणी, मध्ये निडल (स्लाइडला लटकलेली सुई), पाऊणच्या पुढे मेन जेट. तुमची तक्रार अर्ध्यावर आहे, म्हणजे आधी निडलची क्लिप. क्लिप एक खाच खाली, निडल वर, मिक्स्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरी सोडा आणि तिथून हलवा. सोडत गेलात की मिक्स्चर लीन होतं, फोर-स्ट्रोकवाल्यांच्या बऱ्याच कार्बमध्ये ते उलटं असतं, त्यांचं ऐकू नका. आणि फिल्टर काढून "रेसिंग" फिरवत असाल तर आधी तो परत बसवा, तोही ऑइल लावलेला फोम. आपली लाल धूळ रिंगा खाते.

पंपावरच्या पेट्रोलचंही बघा. २० टक्के इथेनॉलमुळे मिक्स्चर आणखी लीन होतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाड्यांचे सील खातंय, कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून तक्रार कुणाकडे करायची? गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर कार्बच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. मेन जेट एक नंबर वर गेला तर घाबरू नका, पण नंबरचा विकत घ्या, ड्रिल नको.

"सेफ्टी" म्हणून टू-टी (पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) जास्त ओतणाऱ्यांसाठी: ऑइल वाढलं की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे गाडी आणखी लीन. ऑइल टाकीतच मिसळत असाल तर घाट उतरताना ॲक्सिलेटर पूर्ण बंद ठेवू नका, पेट्रोलबरोबर ऑइलही बंद होतं. मधूनमधून थोडी रेस द्या. बेळगावात साडेसातशे मीटरवर सेट केलेली गाडी चोर्ला घाट उतरून गोव्याला नेली तर तिथली हवा दाट, गाडी थोडी लीनच चालणार. मी जाण्याआधी क्लिप एक खाच खाली हलवतो.

मी मेकॅनिक नाही, तुमची गाडी बघितलेली नाही, कार्बच खराब असेल असंही होऊ शकतं. पण बीपीची टेस्ट झाल्याशिवाय एक रुपया कार्बवर घालू नका. मेकॅनिककडे दिलीत तर आधीच सांगा की काढलेला प्रत्येक पार्ट, जेटसुद्धा, पिशवीत परत हवा. तुमचा मूळ कार्ब अजून त्याच्याकडे असेल तर आजच घेऊन या. काटा किती उतरला तेवढं इथं लिहा, आणि प्लगचा फोटो उजेडात काढून टाका.